विमान उतरले, आता घर गाठायचे

वारंगा फाट्यावर उभे राहा आणि चोहीकडे पाहा. एक रस्ता अर्धापूरवरून नांदेडला जातो. दुसरा आखाडा बाळापूर, कळमनुरी करीत हिंगोलीला जातो. तिसरा उमरखेडवरून यवतमाळ, नागपूरकडे जातो. येणारीजाणारी माणसे इथे गाडी थांबवतात, फाट्याची खिचडी खातात आणि आपापल्या वाटेला लागतात.

आपल्याला हा फाटा घरच्या अंगणासारखा आहे. पण परमुलखातला माणूस रात्री इथे उतरला तर? कोणता रस्ता कुठे जातो, हे त्याला काय ठाऊक? तो एक तर पाटी वाचील, नाही तर कोणाला तरी विचारील. विचारलेला माणूस भला भेटला तर बरे. नाही तर हिंगोलीला निघालेला पाहुणा उमरखेडला जाऊन बसायचा.

मोठे विमानतळ हासुद्धा एक फाटाच आहे. फरक एवढाच, की तिथे परका माणूस आपण असतो. हातात सामान असते. कडेवर लेकरू असते. दुसरे लेकरू पदर धरून रडत असते. अशा वेळी नीट घरी कसे पोचायचे, ते या पाठात पाहू.

विमान आता लांबचे राहिले नाही

पूर्वी विमान म्हणजे आभाळातला ठिपका. लेकरांनी बोट करून दाखवायचा आणि मोठ्यांनी मान वर करून पाहायचा. आता तसे राहिले नाही. नांदेडला श्री गुरु गोबिंदसिंगजी विमानतळ आहे. फाट्यापासून ते चाळीसेक किलोमीटरवर असेल. लहान शहरे विमानाने जोडायची सरकारची 'उडान' नावाची योजना आहे. २७ एप्रिल २०१७ रोजी या योजनेतल्या पहिल्या विमानांना निशाण दाखवले, त्यांत नांदेड–हैदराबाद हा मार्ग होता.

आपल्या भागातली पोरे मुंबईला, पुण्याला, हैदराबादला कामाला आहेत. कोणी फौजेत आहे. कोणी समुद्रापार आखाती देशांत गेला आहे. ती पोरे मोबाईलवर तिकीट पाठवतात आणि म्हणतात, "लेकरांना घेऊन ये." तिकीट त्यांनी काढलेले असते. प्रवास मात्र घरच्या बाईने करायचा असतो.

विमानात तशी अडचण फार नसते. जागा ठरलेली असते. पट्टा बांधून बसायचे. काही लागले तर सांगायला माणसे असतात. खरी कसोटी लागते ती विमानातून उतरल्यावर.

विमानतळ शहरापासून दूर का?

कोणी विचारील, विमान थेट शहरात का उतरवीत नाहीत? त्याला कारणे आहेत. मोठ्या विमानाला धावायला तीन-तीन किलोमीटर लांबीची सपाट पट्टी लागते. जवळपास उंच इमारती चालत नाहीत. आवाजही फार होतो. एवढी मोकळी जमीन शहरात मिळत नाही. म्हणून नवे विमानतळ शहराबाहेर बांधतात.

हैदराबादचेच पाहा. पूर्वीचे विमानतळ बेगमपेठेत, म्हणजे शहरातच होते. मार्च २००८ मध्ये शमशाबादला नवे सुरू झाले. ते शहराच्या मध्यापासून चोवीसेक किलोमीटर दूर आहे. तिथून शहरात जायला 'पुष्पक' नावाच्या बसगाड्या आहेत. बंगळूरचे विमानतळही त्याच वर्षी शहराबाहेर देवनहळ्ळीला गेले. जपान देशात टोकियो हे मोठे शहर आहे. तिथले नारिता विमानतळ शहरापासून साठेक किलोमीटरवर आहे. आपल्या हिशेबाने सांगायचे, तर फाट्यावरून नांदेडला जाऊन अर्धी वाट परत यावे, एवढे हे अंतर झाले.

म्हणजे विमान उतरले की गाव आले असे नव्हे. तिथून पुढे आणखी एक प्रवास असतो. आणि लेकरे तोवर दमलेली, भुकेजलेली, झोपेला आलेली असतात. म्हणून या शेवटच्या प्रवासाचा विचार सर्वांत आधी करावा.

कागद घे आणि लिही

समजा, एक सूनबाई विमानाने मुंबईला निघाली आहे. नवरा तिकडे कारखान्यात कामाला आहे. दादरला राहतो. थोरला मुलगा सहा वर्षांचा. धाकटी मुलगी दीड वर्षाची. निघायच्या आदल्या रात्री सासऱ्यांनी विचारले,

"सूनबाई, तिकडं उतरल्यावर घ्यायला कोण येणार हाय?"

"हेच येणार हैत, मामा. सहाला विमान उतरतंय. रात्रपाळी दहाला लागती. तवर घरी सोडतो म्हणले."

"आन विमानाला उशीर झाला तर?"

सूनबाई गप्प झाली. मग म्हणाली, "तेवढा विचार नाही केला, मामा."

"मंग आता करू. कागद घे. तुला आता लिहिता येतंय. लिही."

तिने कागदावर पाच ओळी लिहिल्या. त्या अशा :

१. कुठे उतरायचे : मुंबई विमानतळ, टर्मिनल २.
२. कुठे जायचे : घराचा पूर्ण पत्ता, जवळची मोठी खूण आणि पिनकोड.
३. दोन फोन नंबर : एक नवऱ्याचा, दुसरा शेजाऱ्याचा.
४. कसे जायचे : नवरा आला तर त्याच्याबरोबर. नाही आला तर मेट्रोने. रात्र झाली तर विमानतळाच्या आतल्या खिडकीवरून टॅक्सीने.
५. सोबत किती : माणसे तीन, नग तीन.

मोबाईलमध्ये हे सगळे असते, मग कागद कशाला? मोबाईलची बॅटरी संपते. मोबाईल लेकराच्या हातून पडतो. कागद संपत नाही आणि पडला तरी फुटत नाही. म्हणून दोन्ही ठेवावे. पैसेही असेच दोन ठिकाणी ठेवावे. थोडे सुटे हाताशी, बाकीचे आत.

दुसरी एक चिठ्ठी थोरल्या मुलाच्या आतल्या खिशात ठेवावी. तिच्यावर आईबापाचे नाव आणि दोन फोन नंबर लिहावेत. मुलाचे नाव ठळक अक्षरांत वरून लावू नये. नाव वाचून कोणीही हाक मारील, आणि नावाने हाक आली की लेकरू ओळखीचा समजून जाईल.

दोन वर्षांखालचे लेकरू विमानात आईच्या मांडीवर बसते. त्याच्या वयाचा पुरावा मागतात. म्हणून जन्माचा दाखला कागदांत असू द्या.

कोणते विमानतळ, कोणती इमारत?

मुंबईला आता दोन विमानतळे आहेत. जुने छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ अंधेरी–सांताक्रूझकडे आहे. दुसरे नवी मुंबईचे, पनवेलच्या बाजूला. तिथून प्रवासी विमाने २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाली. दोहोंमध्ये रस्त्याने तासाभराहून अधिकची वाट पडू शकते. पाहुणा एकीकडे उभा आणि लेकीबाळी दुसरीकडे, असे व्हायला नको. म्हणून तिकीट वाचा. तिकिटावर विमानतळाची तीन इंग्रजी अक्षरे असतात. जुन्याची बी-ओ-एम. नवी मुंबईची एन-एम-आय. ज्याला इंग्रजी वाचता येते, त्याच्याकडून ही अक्षरे एकदा समजून घ्या.

जुन्या विमानतळालाही दोन इमारती आहेत. त्यांना टर्मिनल १ आणि टर्मिनल २ म्हणतात. एकीतून दुसरीत चालत जाता येत नाही. वाहनाने जावे लागते. टर्मिनल २ ही मोठी इमारत २०१४ साली सुरू झाली. तिकिटावर 'टी' या अक्षरापुढे १ आहे की २ आहे, ते पाहा. हा एक आकडा घ्यायला येणाऱ्याला आधीच कळवला, तर पुष्कळ पायपीट वाचते.

उतरल्यावर घाई नको

आता आपल्या सूनबाईकडे वळू. विमान सहाला उतरायचे, ते निघालेच उशिरा. उतरले तेव्हा रात्रीचे अकरा वाजत आले होते. मोबाईल सुरू करताच नवऱ्याचा निरोप आला. "नऊपर्यंत दाराशी थांबलो. पाळी चुकवता येत नाही. शेजारच्या वहिनी जाग्या आहेत. जपून ये."

अशा वेळी बाईमाणसाच्या पोटात गोळा येतो. येणारच. पण सूनबाईजवळ कागद होता. तिने तो उघडला. चौथी ओळ वाचली. रात्र झाली तर टॅक्सी.

पण टॅक्सीच्या आधी तिने तीन कामे केली.

पहिले काम, पाट्या वाचणे. महाराष्ट्रातल्या विमानतळांवर पाट्या मराठीतही असतात. 'आगमन' म्हणजे येणे. 'प्रस्थान' किंवा 'निर्गमन' म्हणजे जाणे. आपण आलो आहोत, म्हणून आपल्याला 'आगमन' आणि 'सामान' या पाट्यांच्या बाणाने जायचे. शब्द अडला तर चित्र पाहावे. पेटीचे चित्र म्हणजे सामान. बाईचे आणि पुरुषाचे चित्र म्हणजे संडास-मुतारी. त्या पाटीवर 'प्रसाधनगृह' असे लिहिलेले असते. शब्द मोठा आहे, पण अर्थ साधा आहे.

दुसरे काम, लेकरांची सोय. सामानाकडे धावण्याआधी तिने दोघांना प्रसाधनगृहात नेले. तोंड धुतले. धाकटीचे कपडे बदलले. मग बाकावर बसून दशमीचा तुकडा दिला, पाणी पाजले, धाकटीला अंगावर पाजले. मोठ्या विमानतळांवर लेकराला पाजायला, त्याचे कपडे बदलायला आडोशाची खोली असते. बिनसंकोच विचारावे. या सगळ्याला अर्धा तास गेला. जाऊ दे. सामान कुठे पळून जात नाही. भुकेले लेकरू घेऊन गाडीत बसले, की चालकही वैतागतो आणि आईही.

तिसरे काम, सामान. सामान एका सरकत्या पट्ट्यावरून फिरत येते. पट्ट्याला लेकराचा हात लावू देऊ नका. त्यावर बसू तर मुळीच देऊ नका. बोट अडकते. आपली पेटी पुढे गेली, तर मागे धावू नका. ती फिरून परत येते. सामान देताना त्याला एक नंबराची पट्टी बांधतात. तिचाच तुकडा आपल्याला मिळतो. दोन्ही नंबर जुळवून पाहा. सारख्या दिसणाऱ्या पेट्या शंभर असतात. नंबर एकच असतो. सामान ढकलायला तिथे ट्रॉली असते. ट्रॉलीत सामान ठेवा. लेकरू सामानावर बसवू नका, ते कलंडते.

मोजत चला

आम्ही पुष्कळ वर्षे शाळेत होतो. मुलांना सहलीला नेत होतो. औंढा नागनाथाला नेले, माहूरला नेले. आमचा एक नियम होता. गाडीत चढताना मुले मोजायची. उतरताना मोजायची. देवळात शिरताना आणि बाहेर येताना मोजायची. मुले हसायची. म्हणायची, "गुरुजी, आम्ही काय शेळ्या आहोत?" हसू देत. मोजणी चुकू द्यायची नाही.

प्रवासात आईनेही तेच करावे. सूनबाईच्या कागदावर लिहिले होते, माणसे तीन, नग तीन. तिने ते मुलालाही शिकवले होते. प्रत्येक दारातून बाहेर पडले, की मुलगा मोठ्याने म्हणे, "आपण तीन, सामान तीन." लेकराला काम दिले की लेकरू भटकत नाही.

हात किती आणि लेकरे किती, याचाही हिशेब करावा. बाई एकटी, लेकरे दोन आणि सामान असेल, तर हात पुरत नाहीत. म्हणून धाकटीला जुन्या लुगड्याच्या झोळीत छातीशी बांधावे. एका हाताने ट्रॉली. थोरल्याने ट्रॉलीचा दांडा धरायचा, तो सोडायचा नाही. पदर धरायला सांगू नये. गर्दीत पदर सुटतो आणि आईला कळत नाही.

सरकता जिना दिसला की लेकरे तिकडे ओढतात. तिथे जपावे. पदर, ओढणी आणि रबरी चप्पल यांची टोके त्यात अडकतात. सामान आणि लेकरे असली की लिफ्टनेच जावे. लिफ्टमध्ये आधी लेकरू आत घ्या, मग सामान. बाहेर पडताना दार धरून उभे राहा.

दाराबाहेरची हाक

विमानतळाच्या दाराबाहेर आले, की हाका सुरू होतात. "ताई, गाडी? कुठं जायचं? दादर? चला, सस्तात सोडतो." बोलता बोलता एखादा पिशवीलाही हात घालतो. तो सज्जनही असेल. पण आपल्याला कसे कळणार?

सूनबाईच्या पिशवीला असाच एकाने हात घातला. ती ठामपणे म्हणाली, "दादा, पिशवी सोडा. माझी गाडी ठरलेली हाय." गाडी ठरलेली होतीच. कागदावर ठरलेली होती.

ती आतच थांबली आणि टॅक्सीची खिडकी शोधली. मोठ्या विमानतळांवर टॅक्सीचे पैसे आधी भरायची खिडकी असते. तिला 'प्रीपेड टॅक्सी' म्हणतात. प्रीपेड म्हणजे आधी पैसे दिलेली. तिथे जायचे ठिकाण आणि सामान सांगायचे. पैसे भरायचे. पावती घ्यायची. पावतीवर किती रुपये लिहिले ते वाचायचे, आणि आपण तेवढेच दिले का ते पाहायचे. मग गाडीचा नंबर पावतीशी जुळवून बसायचे. पावती चालकाला आधी देऊ नका. घर आले, सामान उतरले, लेकरे मोजली, मग पावती द्या.

कोणी मोबाईलवरून गाडी बोलावतात. त्यातही वाचण्याचेच काम आहे. मोबाईलवर गाडीचा नंबर येतो. तो गाडीच्या पाटीशी जुळवावा. आपल्या हिंगोली जिल्ह्याच्या गाड्यांवर एमएच ३८ असते. नांदेडच्या गाड्यांवर एमएच २६. मुंबईत बहुधा एमएच ०१, ०२, ०३ अशी सुरुवात दिसेल. पण नुसती सुरुवात पाहून बसू नका. शेवटचे चार आकडेही जुळले पाहिजेत. मोबाईलवर आलेला गुप्त आकडा गाडीत बसल्यावरच चालकाला सांगावा. दुसऱ्या कोणाला सांगू नये.

बस, मेट्रो की टॅक्सी?

प्रत्येक वाहनाचा गुण आहे, दोषही आहे.

मेट्रो स्वस्त आहे आणि रस्त्याच्या गर्दीत अडकत नाही. मुंबईची तिसरी मेट्रो जमिनीखालून धावते. आरेपासून कफ परेडपर्यंत तिची लांबी साडेतेहतीस किलोमीटर आहे. तिचा शेवटचा टप्पा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला. विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलजवळ तिची स्थानके आहेत. तिथून दादर, मुंबई सेंट्रल, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, चर्चगेट इथे गाडी न बदलता जाता येते. सगळा मार्ग धरून भाडे १० रुपयांपासून ७० रुपयांपर्यंत ठरवले होते. साधारण तीन फुटांहून कमी उंचीच्या लेकराला मेट्रोत तिकीट पडत नाही. फलाटाच्या कडेला काचेची दारे असतात. गाडी आली की तीही उघडतात. त्यामुळे लेकरू रुळांवर पडण्याचे भय नाही. पण स्थानक खोल आहे, चालावे लागते, आणि रात्री उशिरा गाड्या बंद होतात. दिवस आहे, सामान थोडे आहे, लेकरू चालते आहे, तर मेट्रो उत्तम.

लोकल गाडी फार स्वस्त. पण सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ या वेळेत तिच्यात पाय ठेवायला जागा नसते. नव्या माणसाने लेकरे आणि बोचकी घेऊन त्या वेळी लोकलमध्ये चढू नये. बाकीच्या वेळी बायकांच्या डब्यात जावे. बारा वर्षांपर्यंतचा मुलगा आईबरोबर त्या डब्यात बसू शकतो.

रिक्षा जवळच्या अंतराला चांगली. पण मुंबईत रिक्षा माहीम आणि शीवच्या पुढे, म्हणजे दादरकडे जात नाहीत. दादरला रिक्षाने सोडतो असे कोणी म्हणाला, तर समजून घ्या.

टॅक्सी महाग पडते. पण दारात नेऊन सोडते. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे कमीत कमी मीटरभाडे ३१ रुपये आणि रिक्षाचे २६ रुपये ठरले. मध्यरात्री बारा ते पहाटे पाचपर्यंत भाडे सव्वापट असते. म्हणजे दिवसा १०० रुपये झाले असते, तिथे रात्री १२५ होतात. हे ठाऊक असले, की चालकाशी विनाकारण भांडण होत नाही आणि त्याने दुप्पट मागितले तर गप्पही बसावे लागत नाही.

कोणी म्हणेल, मेट्रोला शंभरात भागले असते, टॅक्सीला कितीतरी जास्त गेले. खरे आहे. पैशाची काटकसर करावी. पण रात्री अकराला, दोन लेकरे घेऊन, अनोळखी शहरात काटकसर करू नये. तो पैसा आधीच बाजूला काढून ठेवावा. लागला नाही तर घरी परत येतो.

गाडीत बसल्यावर

लेकरांना मागच्या बाकावर बसवा. पुढे मांडीवर घेऊन बसू नका. गाडीने जोरात ब्रेक मारला, की मांडीवरचे लेकरू हातात राहत नाही. पट्टा असेल तर थोरल्याला बांधा. १४ वर्षांखालच्या मुलांना पट्टा बांधावा, असा २०१९ पासून कायदाच आहे. डोके, हात खिडकीबाहेर काढू देऊ नका. दार रस्त्याच्या कडेचेच उघडा. लेकरांना गाडी लागते, म्हणून एक रिकामी पिशवी आणि ओले फडके हाताशी ठेवा.

गाडी निघाली की घरी फोन करा. गाडीचा नंबर मोठ्याने सांगा. चालकाला ऐकू गेले तरी चालेल. ऐकू गेलेले बरेच.

लेकरू चुकले तर

देव करो, ही वेळ न येवो. पण आली तर काय करायचे, ते ठाऊक हवे.

इकडेतिकडे धावू नका. आहात तिथेच उभे राहा आणि मोठ्याने हाक मारा. जवळच्या गणवेशातल्या माणसाला लगेच सांगा. विमानतळावर बंदोबस्ताचे जवान जागोजाग असतात. लेकराचे वय, उंची आणि अंगावरचे कपडे सांगा. म्हणून निघताना लेकराला कोणत्या रंगाचा सदरा घातला, ते नीट पाहून ठेवा. निघण्याआधी एक फोटो काढून ठेवलात तर उत्तमच. ११२ हा पोलिसांचा नंबर. १०९८ हा लेकरांच्या मदतीचा नंबर. दोन्हींना पैसे पडत नाहीत.

लेकरालाही घरीच शिकवा. "आई दिसेनाशी झाली तर पळायचं नाही. तिथंच थांबायचं. गणवेशातल्या माणसाला खिशातली चिठ्ठी दाखवायची. दाराबाहेर कोणाबरोबर जायचं नाही." हे दोनचार दिवस रोज वदवून घ्या. गाण्यासारखे पाठ झाले पाहिजे.

सूनबाई घरी पोचली

रात्री साडेबारापर्यंत सूनबाई दादरला घरी पोचली. शेजारच्या वहिनी जाग्या होत्या. मुलगा पेंगत होता, तरी म्हणाला, "आपण तीन, सामान तीन." मग तिने पावती चालकाला दिली. चालक म्हणाला, "ताई, तुम्ही मुंबईत नेहमी येता वाटतं?" ती म्हणाली, "नाही दादा, पहिल्यांदाच आले."

तिच्याजवळ पैसा फार नव्हता. ओळखही नव्हती. तिला पाटी वाचता येत होती, पावती वाचता येत होती आणि नंबर जुळवता येत होते. तेवढे पुरले. कोणाच्या मागे न जाता ती आपल्या घरी पोचली. रात्रीच्या वर्गाला कंदिलाशी डोळे फोडले की काय मिळते, असे विचारणाऱ्यांना हे सांगा.

लक्षात ठेवा

१. विमानतळ आणि टर्मिनल कोणते, ते तिकिटावर वाचा.
२. एक वाट चुकली तर दुसरी कोणती, ते घरीच कागदावर लिहा.
३. आधी लेकरे, मग सामान, मग गाडी.
४. प्रत्येक दारात माणसे आणि नग मोजा.
५. गाडीचा नंबर जुळवल्याशिवाय बसू नका. घर आल्याशिवाय पावती देऊ नका.

शब्दांचे अर्थ

आगमन : येणे. प्रस्थान, निर्गमन : निघणे, जाणे. टर्मिनल : विमानतळाची प्रवाशांची इमारत. प्रसाधनगृह : संडास, मुतारी, तोंड धुण्याची जागा. नग : सामानाची मोजणी करताना एक वस्तू. प्रीपेड : पैसे आधी भरलेले.

प्रश्न

१. विमानतळे शहराबाहेर का बांधतात?
२. सूनबाईने सामान घेण्याआधी कोणते काम केले? का केले?
३. मुलाचे नाव वरून का लावू नये?
४. दिवसा टॅक्सीला २४० रुपये होतात. रात्री एक वाजता त्याच वाटेला किती होतील?

करून पाहा

वारंगा फाट्यावर जा. तिथल्या रस्त्याच्या पाट्या वाचा. गावांची नावे आणि किलोमीटर वहीत लिहून आणा. उभ्या असलेल्या पाच गाड्यांचे नंबर लिहा. कोणती गाडी कोणत्या जिल्ह्याची, ते वर्गात सांगा. मग आपल्या घराचा पूर्ण पत्ता, खूण आणि पिनकोड घालून, स्वतःच्या हाताने लिहा आणि तो कागद जपून ठेवा.